पाणी कधी लागतं?

शिमग्याच्या पालख्या देवळात परतल्या की माझ्याकडे पत्रं यायला लागतात. पावसाळ्यात कुणी विचारत नाही, थंडीत एखाद-दुसरं पत्र. मुलांच्या परीक्षा उरकल्या, गावची तिकिटं काढून झाली की सगळ्यांना एकदम गरी, म्हणजे मासे पकडायचा गळ, आठवते. मी 34 वर्षं एसटीत कंडक्टर होतो आणि त्यातली बरीचशी देवगड-मालवण रस्त्यावर गेली. गाडी खाडीपुलावर चढली की आधी खाली पाणी बघायचं आणि मग तिकीट फाडायचं, ही खोड तेव्हापासूनची. सुट्टे पैसे द्यायला विसरलो म्हणून बोलणीही खाल्ली आहेत. यंदाच्या ढिगातली काही पत्रं खाली घेतली आहेत. लांबलेली पत्रं थोडी कापली, त्याबद्दल रागवू नका.

प्रश्न : मे महिन्यात आठ दिवस देवगडजवळच्या गावी येतो आहे. लहानपणी आजोबांबरोबर खाडीत गरवायला जायचो. आता मोबाईलवर भरतीची वेळ बघून गेलो तर चालेल ना? की आजोबांसारखं पहाटे चारलाच उठायचं? (डोंबिवलीहून एक वाचक)

दादा, आजोबा रोज चारला उठत नसणार. तुम्हाला आठवतोय तो एखाद-दुसरा दिवस, जेव्हा चारला पाणी लागत होतं, म्हणजे भरती चढायला सुरुवात होत होती. चारला पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी, असेल तर उठून चिखल बघत बसाल आणि डास चावतील ते वेगळेच.

मोबाईल बघा, पण गाव कोणतं निवडलंय तेही बघा. भरती आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून वर सरकते. मुंबईची वेळ बघून देवगडात उतरलात तर पाणी तुमच्या आधी येऊन बसलेलं असेल. उंचीतही फरक आहे. मुंबईत उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते, आमच्याकडे बरीच कमी.

आजोबांकडे मोबाईल नव्हता, पाऊणकी होती. तिथीची पाऊणपट करायची, झाली भरतीची वेळ. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमारास, पहाटेही आणि दुपारीही. अष्टमीला आठ पाऊणे सहा. वद्यात पुन्हा एकपासून मोजायचं. भरतीनंतर सव्वासहा तासांनी सुकती. आमचे गुरुजी पाऊणकीचा पाढा म्हणायला लावायचे तेव्हा वाटायचं, हा मेला कुठे लागणार आहे! पाढ्यात एक खोट मात्र आहे. पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा येतात आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला एकदम पाऊण वाजतो. दीड तासाची उडी! खरं पाणी अशी उडी मारत नाही, ते दिवसाला साधारण 50 मिनिटं पुढे सरकतं. त्यामुळे पक्षाच्या शेवटाला पाढ्यावर फार विसंबू नका, भरतीचा तक्ता बघा.

आता दिवस कोणता निवडायचा? नवे लोक उधाणाच्या दिवशी धावतात, पाणी मोठं तर मासा मोठा असं समजून. अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यानंतर दोन दिवस खाडीत ओढ एवढी असते की गरीला लावलेलं शिसं तळाला ठरतच नाही, गरी पुलाच्या खांबाला जाऊन अडकते. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे सगळ्यात लहान भरतीला, उलटं, पाणी मेल्यासारखं पडून राहतं. मला आवडतात ते चतुर्थी ते षष्ठीचे दिवस. ओढ असते, पण शिसं ऐकतं.

आणि वेळ म्हणाल तर पाणी लागतानाचे पहिले दोन तास. ‘पाणी लागलं’ हे तक्त्यात दिसत नाही, जागेवर बसून बघावं लागतं. मी पुलाच्या एका ठरावीक खांबाकडे बघतो. खांबाला कालवं चिकटलेली असतात, एकावर एक, दाढेसारखी. सुकतीला त्यांच्या खालची चारेक बोटं काळी ओली पट्टी उघडी पडते. त्याआधी पाण्यावरचा पाला, काटक्या, फेस, सगळं समुद्राकडे चाललेलं असतं. मग एका क्षणी ते थांबतं. एखादं आंब्याचं पान जागच्या जागी गोल फिरतं, त्याला कुठे जायचं ते ठरवता येत नाही. पाच-सात मिनिटं अशीच जातात. मग ते पान आत वळतं. काळी पट्टी तीन बोटं होते, दोन होते. काठाला शेवटा माशाची पिल्लं चुळबुळायला लागतात आणि चिपीच्या, म्हणजे खाडीकाठच्या झाडाच्या, मुळांवर उन्हं खात बसलेल्या कुर्ल्या एकेक पाऊल वर सरकतात. गरी टाकायची ती तेव्हा. तिथपर्यंत चहा प्या.

मे महिना तुम्ही नकळत चांगला निवडलात. पावसाळ्यात खाडी गोडी असते. दिवाळीनंतर नदीचा जोर ओसरतो, शिमग्यापर्यंत वरून येणारं पाणी जवळजवळ थांबतं आणि समुद्र मैलोन् मैल आत शिरतो. चैत्र-वैशाखात खाडीकाठच्या विहिरी मचूळ होतात त्या यामुळेच. बायका कुरकुरतात, गरवणारे खूश असतात. कारण मुखाशी थांबणारे मासे, तांबोशी, पालू, करकरा, पार आतल्या पुलापर्यंत येतात. होडी लागत नाही. काठावर बसून समुद्राचा मासा मिळतो.

प्रश्न : माझ्या यजमानांनी निवृत्तीनंतर हा छंद धरला. रॉड, रीळ, रबराचे रंगीत मासे धरून आतापर्यंत 14 हजारांचं सामान झालं. दोन महिन्यांत तीन मासे मिळाले, त्यातला एक मांजराने खाल्ला. शेजारचा मुलगा चिव्याच्या काठीने रोज पिशवी भरून आणतो. यांना काय सांगू? (रत्नागिरीहून एक वाचक)

ताई, यजमानांना काही सांगू नका. शेजारच्या मुलाला चहाला बोलवा.

रबराचा मासा वाईट नाही. पाणी स्वच्छ असेल, खडपावर, म्हणजे समुद्राकाठच्या कातळावर, उभं राहून लांब फेकायचं असेल, तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण खाडीचं पाणी फाल्गुनातसुद्धा ताकासारखं असतं. तिथला मासा वासावर येतो, आणि रबराला कसला वास! तो पोरगा आदल्या दिवशी पागाने, म्हणजे फेकायच्या जाळ्याने, चार सुंगटं मारून ठेवत असणार. सुंगट म्हणजे आपली कोळंबी. जिवंत असेल तर तिच्यासारखं आमिष नाही.

ती लावायची कशी ते सांगतो, कारण इथेच बहुतेकांचं चुकतं. सुंगटाच्या डोक्यावर पुढे आलेली करवत असते. सुंगट उजेडाकडे धरलं की त्या करवतीच्या मागे, कवचाच्या आत एक काळसर डाग दिसतो. गरी करवतीच्या बुडाशी, त्या डागाच्या पुढून आडवी काढायची. डागाला टोचलं की सुंगट तिथेच मेलं. नीट लावलेलं सुंगट अर्धा तास तरी पाण्यात पाय मारत राहतं. मेलेलं असेल तर डोकं काढून टाका, शेपटाकडून गरी आत घाला आणि अंग वाकवत पोटातून टोक बाहेर काढा. सरळ लोंबतं ठेवलंत तर ते पाण्यात गरगर फिरतं आणि तंगुसाला, म्हणजे गळाच्या दोरीला, पीळ पडतो. बाजारातलं बर्फातलं सुंगट आणलंत तर मासा येईल, पण बहुतेक शिंगटीच येईल. तिच्याबद्दल पुढे लिहितो.

बाकी सामानात 0.40 मिलिमीटरचा तंगूस खाडीला पुरतो. शिसं घट्ट बांधू नका, तंगुसावर मोकळं सरकतं ठेवा, म्हणजे माशाने ओढलं तर त्याला शिशाचं वजन कळत नाही. यजमानांचं रीळ चांगलंच असेल, तेच वापरा. फक्त ब्रेक जरा आवळून ठेवायला सांगा. तांबोशी लागली की पहिली दोन हात ओढ तिची असते आणि ती सरळ चिपीच्या मुळांत शिरते. एकदा आत गेली की तंगूस मुळाला घासून तुटतो आणि माणूस घरी येऊन सांगतो, ‘केवढी होती!’ आमच्या घरी हे वाक्य ऐकलं की बायको मान वर करत नाही.

मांजराबद्दल माझ्याकडे उपाय नाही.

प्रश्न : केंड मासा गळाला लागला होता. पोट फुगवतो तो. आजी म्हणते फेकून दे, मित्र म्हणतो साफ करून खातात. (मालवण तालुक्यातून एक विद्यार्थी)

आजीचं ऐक. केंडाच्या यकृतात आणि गाभोळीत विष असतं आणि ते शिजवून, तळून जात नाही. साफ करताना थोडं जरी मांसाला लागलं तरी झालं. त्या विषावर उतारा नाही. कुत्र्या-मांजरालाही घालू नकोस. गरी पक्कडीने काढ, बोटाने नको, त्याचे दात तंगूस तोडतात.

प्रश्न : आमच्याकडे जिताड्याला मान आहे, जावयाला जिताडा नाही घातला तर नाव ठेवतात. मागच्या एप्रिलात रेवदंड्याच्या खाडीत काकांनी साडेसात किलोचा पकडला. मला अजून किलोच्या वर लागला नाही. मोठा लागण्यासाठी काय करू? (अलिबागहून एक महाविद्यालयीन विद्यार्थी)

तुझं पत्र वाचून माझ्या डोळ्यांपुढे 1996 सालचा माझा मासा आला. आमच्याकडे याला चणकही म्हणतात. वैशाखातली पंचमी-षष्ठी असेल, मी संध्याकाळची शेवटची गाडी सोडून तसाच खाकीत खाडीवर गेलो होतो. जिवंत शेवटा लावला होता, वीतभर. पाणी लागून तास झाला असेल. मासा लागला तेव्हा आधी वाटलं गरी ओंडक्यात अडकली. मग ओंडका चालायला लागला. पाऊण तास लागला. काठावर घेतला तेव्हा त्याचे डोळे बॅटरीच्या उजेडात विस्तवासारखे लाल दिसत होते. घरी वजन केलं, आठ किलोला थोडा कमी. दुसऱ्या दिवशी डेपोत मी राजा होतो.

पुढे बऱ्याच वर्षांनी मत्स्य महाविद्यालयात शिकलेला एक मुलगा माझ्या गाडीत रोज यायचा. त्याने सांगितलं ते ऐकून मला त्या माशाचं वजन पुन्हा जाणवलं. जिताडा जन्माला येतो तो नर म्हणून. काही वर्षं नर राहतो आणि पुढे मोठा झाला की मादी होतो. म्हणजे खाडीतले सगळे मोठे जिताडे साधारण माद्याच. पावसाच्या तोंडावर त्या मुखाशी जाऊन अंडी घालतात, एकेक मादी लाखांनी. माझ्या त्या माशाच्या पोटात गाभोळी होती. आम्ही ती तळून खाल्ली. चव आजही आठवते, खोटं कशाला सांगू!

तर बाळा, मोठा कसा लावायचा ते सांगतो, पण पुढचंही ऐक. जिताडा उघड्यावर शिकार करत नाही. पुलाच्या खांबाची सावली, पडकी जेटी, कांदळवनातून लहान ओहोळ खाडीत उतरतो ती जागा, अशा ठिकाणी तो तोंड ओढीकडे करून थांबतो आणि वाहत आलेलं गिळतो. पाणी भरून उलटायला लागलं की त्या ओहोळांतून लहान मासे बाहेर येतात, तेव्हा तिथे जिवंत शेवटा किंवा सुंगट सोड. शिसं शक्यतो नकोच. तंगुसाच्या शेवटी दोन हात जाड तंगूस लाव, कारण त्याच्या गालफडाची कड ब्लेडसारखी असते. माशाला काठावर घेताना तिथे बोट घालू नकोस.

आणि दोन-तीन किलोचा मिळाला तर घरी ने, जावयाला घाल, त्याची चव मोठ्यापेक्षा चांगलीच असते. काकांच्या मापाचा मिळाला तर फोटो काढ, पाण्यातच धरून दोन मिनिटं उभं राहू दे, शेपटी मारायला लागला की सोड. काका हसतील. हसू देत.

गोबरा माशाचं याच्या उलट असतं. तो आधी मादी असतो आणि मोठेपणी नर होतो. समुद्रात कोण कुणाला काय म्हणणार!

प्रश्न : शिंगटीचा काटा लागला. दोन दिवस हात सुजून राहिला. हळद, चुना, लिंबाचा पाला, सगळं केलं. खरा उपाय काय? (वेंगुर्ल्याहून एक वाचक)

गरम पाणी. सोसवेल तेवढं गरम पाणी बादलीत घ्या आणि हात बुडवून अर्धा ते दीड तास बसा, निवलं की पुन्हा गरम घाला. विष उष्णतेने मोडतं. पाणी आधी दुसऱ्या हाताने बघा, कारण दुखऱ्या हाताला चटका कळत नाही आणि भाजून निघतं. नंतर डॉक्टरांकडे जाऊन काटा आत मोडलाय का ते बघून घ्या, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. पाखट माशाच्या शेपटीचा काटा लागला तरी आधी हेच, पण तिथे डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका.

हे मला 2004 च्या एप्रिलात कळायला हवं होतं. शिंगटीला तीन काटे असतात, एक पाठीवर आणि दोन बाजूंना, करवतीसारखे दातेरी. मी गरी काढताना तिला वरून धरलं आणि उजव्या अंगठ्याच्या बुडात गेला. मी पण लिंबाचा पालाच बांधला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाची ड्युटी. पंच धरता येईना. डाव्या हाताने तिकिटं फाडली आणि भोक पाडायला पुढच्या सीटवरच्या शाळेच्या पोराला पंच दिला. त्याने त्या आनंदात दोन जादा तिकिटांना भोकं पाडली, त्याचे पैसे मी भरले. आता मी शिंगटीला हात लावत नाही. पायाने चप्पलसकट दाबतो आणि पक्कडीने गरी फिरवतो. पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, उथळ पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, घासत चला. पाखट वाळूत पुरून बसतं, पाय घासत आला की ते आपणहून निघून जातं.

प्रश्न : आमचा मुलगा मित्रांबरोबर सुट्टीत कोकणात जाऊन खडपावरून मासे पकडणार म्हणतो. पोहता येतं त्याला. तरी भीती वाटते. एप्रिल-मेमध्ये समुद्र शांत असतो ना? (पुण्याहून एक वाचक)

ताई, शांत दिसतो. भीती वाटते ती बरोबर आहे.

सकाळी मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे. पाणी आरशासारखं. दुपारी खारा वारा सुटला की लहान लाटा फुटायला लागतात, त्या दिसतात, त्यांचं भय नाही. भय आहे ते न दिसणाऱ्या लाटेचं. हिंदी महासागराच्या अगदी दक्षिणेला वादळं होतात, त्यांच्या लाटा हजारो किलोमीटर चालत आपल्याकडे येतात. इथे वारा नाही, ढग नाही, आणि अचानक पाणी उचलतं. केरळात याला कल्लक्कडल म्हणतात, चोरटा समुद्र. चैत्र-वैशाखातच हे जास्त होतं. मे 2024 मध्ये कन्याकुमारी जिल्ह्यात समुद्रात उतरलेले पाच शिकाऊ डॉक्टर अशाच लाटांत गेले. हैदराबादचं ‘इन्कॉइस’ हे सरकारी केंद्र अशा लाटांचा इशारा आधी देतं. मुलाला सांगा, हवामान बघतोस तसा हा इशाराही बघ.

मी स्वतः काय करतो? खडपावर पोचलो की सामान सोडत नाही. लांब, उंचावर बसून अर्धा तास नुसता बघतो. जिथे उभं राहायचं ठरवलंय तो कातळ एकदा जरी ओला झाला, तर त्या दिवशी तो कातळ माझा नाही. कातळाचा रंगही बघायचा. पांढुरका, खरखरीत भाग पायाला धरतो. हिरवा दिसतो तो सगळ्यांना कळतो. फसवतो तो काळा, चकचकीत पट्टा. तो कोरडा दिसतो आणि त्यावर साबण लावल्यासारखा पाय जातो. एकदा बायकोने दिलेला डबा, एक चप्पल आणि माझा गुडघा, तिन्ही तिथेच गेलं. गुडघा परत आला, पण पावसाळ्यात अजून बोलतो.

भरती चढत असताना मागे परतायची वाट आधी बघून ठेवायची. पुढच्या खडकावर जाताना घोट्याएवढं पाणी असतं, दीड तासाने तेच छातीएवढं होतं आणि ओढही असते. पोहता येतं याचा कातळावर उपयोग नाही. लाट माणसाला बुडवत नाही, आधी आपटते. मुलाला म्हणावं, मासे खाडीत जास्त मिळतात. हे खरंही आहे.

प्रश्न : मालवणात किल्ल्यासमोर गळ टाकला तर एकाने येऊन हटकलं. समुद्र काय त्यांच्या मालकीचा आहे? शिवाय जूनमध्ये येणार होतो, तेव्हा बंदी असते म्हणतात, ती गळालाही लागू आहे का? (ठाण्याहून एक वाचक)

मालकीचा नाही, पण नियम आहेत. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 साली जाहीर झालं, 29.12 चौरस किलोमीटरचं. सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाचा आजूबाजूचा भाग त्याच्या गाभ्यात येतो. तिथे मासेमारीला परवानगी नाही. स्थानिक मच्छीमारांचा या अभयारण्याला जुना विरोध आहे, तो वाद मी इथे उकरत नाही. पण तुम्ही पाहुणे. गळ दुसरीकडे टाका, किनारा पुष्कळ आहे.

कदाचित तुम्हाला हटकणारा रापणकरही असेल. होडीने अर्धगोल जाळं टाकून आलेले असतात आणि पुळणीवरून दोन्ही टोकं ओढायची असतात. मध्ये तुमचा तंगूस गेला तर कुणाला आवडेल? विचारून बसायचं. मी तर सांगेन, गळ गुंडाळा आणि दोरीला हात लावा. आमच्या किनाऱ्यावर ओढायला लागलेल्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवत नाहीत.

1 जून ते 31 जुलैची बंदी आहे ती यांत्रिक नौकांना. काठावर बसलेल्या तुमच्यासाठी ती नाही. पण जूनमध्ये येऊन करणार काय? पहिला पाऊस पडला की खाडी लाल होते, गोडं पाणी खाली येतं आणि मी वर सांगितलेले सगळे मासे आठवड्यात मुखाकडे पळतात. एप्रिलातच या. आंबेही असतात. फक्त आमच्याकडे तेव्हा गप्पा मारायला कुणी मोकळा सापडणार नाही, सगळा गाव पेट्या भरत असतो.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी. पिल्लं घेऊ नका. सरकारने 2023 मध्ये 54 जातींची किमान लांबी ठरवून दिली, पापलेट 135 मिलिमीटरच्या आत पकडायचं नाही वगैरे. मला एवढी यादी पाठ होत नाही. मी माझ्या चिव्याच्या काठीवर एका वितेची आणि दीड वितेची अशा दोन खुणा कोरल्या आहेत. मुडदुशे वीतभर, तांबोशी आणि पालू दीड वीत, त्याच्या आतलं परत पाण्यात. माझी वीत मोठी आहे.

प्रश्न : मार्चमध्ये रात्री गरवताना तंगूस पाण्यात जाईल तिथे निळा उजेड पडत होता. फार सुंदर होतं, पण एकही मासा लागला नाही. काही संबंध असेल का? (गुहागरहून एक वाचक)

तो उजेड नॉक्टिलुका नावाच्या सूक्ष्म जीवांचा. पाणी हललं की ते चमकतात. दिवसा तेच पाणी हिरवट किंवा तपकिरी दिसतं. संबंध आहे असं माझं तरी मत झालंय. तुम्हाला तंगूस दिसतो तसा माशालाही दिसत असणार. अशा रात्री मी गरी गुंडाळतो आणि बसून राहतो.

पुळणीवर बसणार असाल तर टॉर्च सारखी पेटवू नका. या दिवसांत कासवांची पिल्लं वाळूतून निघतात आणि उजेडाच्या दिशेने चालतात. समुद्र सोडून तुमच्या टॉर्चकडे. आणि तुटलेला तंगूस खिशात घालून घरी आणा, तो कुजत नाही. माझ्या घरी त्याची एक बरणी भरली आहे, बायको विचारते हे लोणचं कधी मुरणार.

प्रश्न : तांबोशीला तिरफळं घालतात का? सासूबाई हो म्हणतात, आई नाही म्हणते. दोघी तुमचं सदर वाचतात. (कुडाळहून एक वाचक)

मला दोघींमध्ये का ओढता! हा प्रश्न मी स्वयंपाकघरात पाठवला. तिथून आलेलं उत्तर असं : तिरफळं बांगड्याला आणि पेडव्यांना, तेलकट, उग्र माशाला. तांबोशीला नुसती सोलं, ओलं खोबरं, सुकी मिरची, धणे. डोकं कढीत, मधले तुकडे तळायला.

मी विचारलं, आज तांबोशी आणली तर करशील का तसं? आज पंचमी, पावणेचारला भरती, म्हणजे पाणी साडेनऊला लागणार. ती विळीवरून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, ‘आधी मासो हाड, मगे वाटाप करतंय.’

सव्वानऊ झाले. निघतो.